बरं व्हायचंय, पण भीती वाटते!

येरुशलेममध्ये बेथेस्दा नावाचं एक तळं होतं. पाणी हललं की त्यात जो पहिला उतरेल तो बरा होतो, अशी लोकांची समजूत. त्यामुळे काठावर आजाऱ्यांची ही गर्दी. त्यातला एक माणूस अडतीस वर्षांपासून आजारी होता. येशू त्याच्याजवळ येतो आणि विचारतो काय, तर तुला बरं व्हायचंय का!

योहानाच्या शुभवर्तमानातली ही गोष्ट पहिल्यांदा वाचताना हा प्रश्न जरा आगाऊच वाटतो. अडतीस वर्षं झोपून असलेल्या माणसाला हे काय विचारणं? पण त्याचं उत्तर बघा. तो ‘हो’ म्हणतच नाही. मला पाण्यात सोडायला कुणी नाही, मी पोचेपर्यंत दुसराच उतरतो, असं सांगत बसतो. इतकी वर्षं तीच जागा, तीच चटई, आजूबाजूला तेच चेहरे. आजार हाच त्याचा पत्ता झाला होता. उद्या उठून चालायला लागला तर जायचं कुठं आणि करायचं काय?

ईटिंग डिसऑर्डरमधून बाहेर पडू पाहणाऱ्या मुलामुलींना हा प्रश्न एकदाच पडत नाही. सकाळी नाश्त्याला, दुपारी डब्याला, रात्री मेसमध्ये, असा दिवसातून तीनदा पडतो.

हे नाव ऐकलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर हाडं दिसणारी एखादी मॉडेल येते. तेवढंच नसतं ते. अ‍ॅनोरेक्सियात खाणं कमी कमी होत जातं आणि वजन वाढण्याची दहशत बसते. बुलिमियात भान हरपून खाल्लं जातं आणि मग ते कसंही करून शरीरातून काढून टाकायची धडपड चालते. बिंज ईटिंगमध्ये ती धडपड नसते, पण लाज तितकीच. बुलिमिया किंवा बिंज ईटिंग असलेला माणूस दिसायला अगदी आपल्यासारखाच असू शकतो. मुलग्यांनाही हे होतं, जिममध्ये ‘कटिंग’च्या नावाखाली तर सहज खपून जातं. अभिनेत्री रिचा चढ्ढा आपल्या बुलिमियाबद्दल जाहीरपणे बोलली तेव्हा अनेकांना धक्का बसला, तो यामुळेच. आणि हा नखऱ्याचा आजार नाही. मानसिक आजारांमध्ये सर्वाधिक जीव घेणाऱ्यांत अ‍ॅनोरेक्सियाची गणना होते.

आता आपल्या नागपूरकडे या. सीताबर्डीत मैत्रिणींबरोबर खरेदीला गेलीये, सगळ्या तर्री-पोह्यांच्या गाडीवर थांबल्या आणि एकटी ‘उपवास आहे’ म्हणाली. कोण विचारणार पुढं? आपल्याकडे हे वाक्य म्हणजे आजाराला मिळालेला परवानाच. सोमवार, चतुर्थी, नवरात्र, रोजा, लेंट. घरचे तर उलट कौतुक करतात, पोर बघा किती श्रद्धाळू!

बरं व्हायची भीती नेमकी कशाची असते? बाहेरच्यांना वाटतं, जाड होण्याची. असते तीही. पण तिच्या पोटात आणखी बऱ्याच असतात. ‘किती बारीक झालीस गं’ हे कौतुक बंद होईल. कपाट बदलावं लागेल. परीक्षा, घरातली भांडणं, ब्रेकअप यातलं काहीच हातात नसताना एक ताट तेवढं हातात होतं, तेही जाईल. आणि सगळ्यात खोल भीती म्हणजे आजार गेला तर मी कोण उरेन? दिवसभर डोक्यात चालणारा तो हिशेब थांबला, तर त्या रिकाम्या जागेत काय येईल? ‘खा नं बे, काहून नाही खात?’ असं म्हणणाऱ्या मित्राला यातलं काही दिसत नाही. त्याला फक्त ताट दिसतं.

यातला काही भाग उपाशी मेंदूचा खेळ असतो, हे मात्र समजून घ्यायला हवं. १९४४ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज या शास्त्रज्ञानं एक प्रयोग सुरू केला. ३६ धडधाकट तरुण निवडले. बंदूक हाती घ्यायला नकार देणारी ही पोरं होती. त्यातली बरीच क्वेकर, मेनोनाइट, ब्रेदरन अशा शांततावादी ख्रिस्ती पंथांतली. युद्धानं उपाशी पडलेल्या युरोपातल्या लोकांना पुन्हा खायला कसं घालायचं ते कळावं, म्हणून त्यांनी सहा महिने अर्धपोटी राहणं पत्करलं. निवडताना त्यांची मनं तपासली होती, सगळे ठणठणीत. पण काही आठवड्यांत ते पाककृतींची पुस्तकं गोळा करू लागले, घासाचे बारीक तुकडे करून तासन् तास ताटापाशी बसू लागले, चिडचिडे झाले, मित्र टाळू लागले. आणि पुन्हा जेवण सुरू झाल्यावर लगेच सगळं सुरळीत झालं का? नाही. अनेकांना तो परतीचा काळच सर्वात कठीण गेला. पोट भरलं तरी भूक मिटेना, मन थाऱ्यावर येईना. त्यांना तर बारीक व्हायचंही नव्हतं! म्हणजे सावरायच्या सुरुवातीला आणखी वाईट वाटलं, तर तो तुमचा नाकर्तेपणा नाही. शरीर परत येताना असंच येतं.

बायबलमध्ये या परतीच्या काळाची एक भन्नाट गोष्ट आहे. इस्राएल लोक मिसरच्या गुलामीतून सुटतात, रानात येतात आणि कुरकुर सुरू करतात. कशासाठी? तर मिसरातले मासे, काकड्या, खरबुजं, कांदे, लसूण आठवून! पाठीवर चाबूक होता ते विसरले, काकड्या लक्षात राहिल्या. सावरताना आजाराची आठवण अशीच येते. ‘तेव्हा निदान कंट्रोल तरी होता’ असं वाटतं, तेव्हा त्या काकड्या असतात. केस गळत होते, पायऱ्या चढताना चक्कर येत होती, आईशी रोज खोटं बोलावं लागत होतं, ते आठवत नाही.

त्यांना रानात मान्ना मिळायचा, रोज सकाळी, त्या दिवसापुरता. उद्यासाठी साठवला की त्यात किडे पडायचे. (शब्बाथाच्या आदल्या दिवशी तेवढी दुप्पट गोळा करायची मुभा.) प्रभूच्या प्रार्थनेतही वर्षभराचं धान्य मागितलेलं नाही, आजची भाकर मागितली आहे. बदलाची भीती वाटणाऱ्यासाठी हे फार कामाचं आहे. ‘आयुष्यभर मला असं जेवता येईल का?’ या प्रश्नाला कुणाकडेच उत्तर नाही. ‘आज दुपारचं जेवण होईल का?’ याला आहे. आहारतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञही यापेक्षा फार वेगळं सांगत नाहीत. ठरलेल्या वेळी ठरलेलं जेवण, आणि भीतीचा एखादा पदार्थ सोबतीनं, पुन्हा पुन्हा, ती भीती बोथट होईपर्यंत.

पण श्रद्धा म्हणजे रामबाण, असं मी म्हणणार नाही. तीच श्रद्धा उलटीही फिरते. चौदाव्या शतकातली सिएनाची संत कॅथरिन इतकी कमी खायची की तिच्या वडीलधाऱ्यांनी तिला खा म्हणून विनवलं, पण तिला ते जमेनाच. १३८० मध्ये ३३ व्या वर्षी ती गेली. साडेसहाशे वर्षांनी आपण तिचं निदान करायला जाऊ नये. पण तिच्यासारखं व्हायचं म्हणून उपाशी राहणाऱ्या मुली मागाहून झाल्या, हे खरं.

याच्यासमोर इग्नेशियस लोयोलाला ठेवून बघा. येशूसंघाचा हा संस्थापक १५२२ मध्ये स्पेनमधल्या मानरेसात राहत होता. मनात अपराधाचं काहूर. ते शमेपर्यंत खायचं नाही, असं ठरवून आठवडाभर उपाशी राहिला. रविवारी पापनिवेदनाच्या वेळी हे सांगितलं, तर धर्मगुरूनं उपवास सोडायची आज्ञा केली. त्यानं सोडला. त्या काळातल्या कठोरपणानं त्याची तब्येत कायमची बिघडली, पण माणूस शिकला. १५४८ मध्ये फ्रान्सिस बोर्जा नावाचा सरदार असाच उपास काढून खंगत होता, तेव्हा इग्नेशियसनं त्याला पत्रातून कळवलं, उपास कमी करा, पोटाची काळजी घ्या, शरीरही देवाचंच आहे.

उपवास आणि आजार ओळखायची खूण इथंच आहे. कुणी प्रेमानं, अधिकारानं ‘आज सोड’ म्हटलं, तर उपवास सोडता येतो. आजार सोडता येत नाही, नुसत्या कल्पनेनंही घाम फुटतो. कॅथलिक चर्चच्या नियमांत उपवासाचे बंधनकारक दिवस दोनच, राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार, तेही १८ ते ५९ वयाच्या निरोगी माणसांना. आजाऱ्याला सूट आहे. ईटिंग डिसऑर्डर असलेल्यानं लेंटमध्ये काही सोडायचंच असेल तर आरशासमोरचा अर्धा तास सोडावा, वजनकाटा सोडावा. आपल्या फादरना किंवा पाळकांना स्पष्ट सांगावं, मला उपवास चालत नाही.

अन्नाची भीती आणि श्रद्धा यांची गाठ मराठीत कुणी सगळ्यात मोकळेपणानं सांगितली असेल, तर लक्ष्मीबाई टिळकांनी. त्यांना हा आजार नव्हता, गैरसमज नको. पण ‘स्मृतिचित्रे’ सुरू होतं तेच वडिलांच्या सोवळ्यापासून. १८५७ च्या धामधुमीत लक्ष्मीबाईंच्या आजोबांना फाशी झाली आणि त्या धक्क्यानंतर वडिलांचं सोवळं इतकं वाढलं, की बाजारातून आणलेलं मीठसुद्धा धुवून घ्यायचं! जगात काहीच सुरक्षित उरलं नाही की माणूस ताट तेवढं सुरक्षित करायला बघतो. हे वाचून तुमच्यापैकी काहींना आपलीच पाकिटामागची लेबलं वाचत बसण्याची सवय आठवेल.

त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक, काही काळ आपल्या नागपुरात अप्पासाहेब बुटींकडे होते. पुढं राजनांदगावला जाताना आगगाडीत भेटलेल्या एका गोऱ्या प्रवाशानं त्यांच्या हाती बायबल ठेवलं आणि १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. काही वर्षांनी त्या पतीकडे राहायला आल्या, तरी सोवळं सुटलं नव्हतं. चूल वेगळी, पाणी वेगळं. भीती डोक्यातून गेली तरी घशात राहते, ती अशी. मग एक दिवस त्या विचार करत बसल्या, या जाती देवानं केल्या की माणसानं? आणि ठरवलं, आजपासून कुणाच्याही हातचं खायचं, प्यायचं. बाप्तिस्मा नंतरचा, पतीच्या मागून पाचेक वर्षांनी. आधी घोटभर पाणी, मग धर्मांतर. मला या क्रमाचं फार अप्रूप वाटतं. आधी सगळी भीती जाऊ दे, मग खाईन, असं म्हणत त्या थांबल्या असत्या तर अजून थांबल्याच असत्या.

श्रद्धेचा उपयोग होतो तो इथं. ती भीती घालवत नाही, भीतीसकट पाऊल टाकायला बळ देते. आणि शेजारी माणूस देते. प्रभुभोजनात भाकर एकट्यानं खायची नसतेच. एलीया संदेष्टा जीव नकोसा होऊन रतामाच्या झुडपाखाली पडतो तेव्हा देवदूत त्याला उपदेश करत नाही. निखाऱ्यावरची भाकर आणि पाणी समोर ठेवतो, झोपू देतो आणि पुन्हा उठवून पुन्हा खायला देतो. याईराच्या बारा वर्षांच्या मुलीला उठवल्यावर येशूनं आईबापांना सांगितलं, हिला काही खायला द्या. ‘प्रार्थना कमी पडली म्हणून तुला हे झालं’ असं म्हणणाऱ्यांना या दोन गोष्टी जरूर वाचायला द्या.

मात्र एक गोष्ट एकट्यानं करू नका. बरेच दिवस फार कमी खाल्लं असेल, तर एकदम भरपूर खायला लागणं धोक्याचं ठरतं. रक्तातले क्षार झपाट्यानं खाली येऊन हृदयावर ताण येऊ शकतो. म्हणून सुरुवात डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. मेडिकलमध्ये आणि एम्समध्ये मानसोपचार ओपीडी आहे. तिथवर जायचं धाडस होत नसेल तर ‘टेली मानस’चा १४४१६ हा नंबर फिरवा, फोन फुकट आहे, रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं. वारंवार चक्कर येणं, छातीत धडधडणं, जीव नकोसा वाटणं, यातलं काही असेल तर ओपीडीची वाट न बघता थेट इमर्जन्सीत.

आणि तुमची रूममेट यातून जात असेल, तर तिच्या ताटावर नजर ठेवू नका. ‘आता छान भरलीस’ हे तर चुकूनही म्हणू नका, तिला त्याचा एकच अर्थ ऐकू येतो. मेसची घंटा झाली की तिच्या दारावर टकटक करा, शेजारी बसा आणि सेमिस्टरच्या वेळापत्रकापासून काल रात्रीच्या मॅचपर्यंत काहीही बडबडत राहा. तिला वेळ लागेल. तुमचं जेवण आधी झालं तरी उठू नका.