पावातले सॉसेज आणि सुकेळीचा गोड सॉस

श्रोतेहो, रविवारी संध्याकाळी कळंबच्या सुरूच्या बनातून समुद्राकडे चालत गेलात, तर खाण्याच्या किती तऱ्हा दिसतात! भजी आहेत, भेळ आहे, शहाळी आहेत. आणि या सगळ्यांतून एखादे पोर आईचा पदर ओढून म्हणते, "मला हॉट डॉग पाहिजे." शेजारची आजी दचकते. "अगं बाई, कुत्र्याचे काही मागतोय की काय हा?"

तसे काही नाही, आजी. हॉट डॉग म्हणजे लांबट पावात घातलेले गरम सॉसेज, वर गोड-आंबट सॉस. मांस अगदी बारीक वाटायचे, त्यात मीठ, मसाला, चरबी आणि बर्फ घालून लगदा करायचा, तो नळीत भरून वाफवायचा किंवा धुरी द्यायची, की झाले सॉसेज. जर्मनीतले फ्रँकफुर्ट आणि ऑस्ट्रियातले व्हिएन्ना ही गावे त्यासाठी प्रसिद्ध. तिथून ते अमेरिकेत गेले आणि पावात शिरले. पण आपल्याला ही कल्पना नवी नाही बरे का. पाव तर आपल्या या मुलखात पोर्तुगीजांबरोबर आला. वसई त्यांच्याकडे १५३४ पासून १७३९ पर्यंत होती. आणि गोव्यात आजही चोरिस-पाव मिळतो. मिरची आणि व्हिनेगर लावलेले डुकराचे मांस नळीत भरून वाळवतात, ते चोरिस. म्हणजे हॉट डॉगचा एक तिखट मावसभाऊ आपल्या किनाऱ्यावर आधीपासूनच नांदतो आहे.

आता घरोघरी एअर फ्रायर नावाचे यंत्र येऊ लागले आहे. कोणाला मुलाने पहिल्या पगारात आणून दिले, कोणाला लग्नात आहेर म्हणून आले. पुष्कळ ठिकाणी ते कपाटावर खोक्यातच आहे, कारण त्याचे काय करायचे ते कळत नाही. त्यात हॉट डॉग उत्तम होतो. मात्र एक गोष्ट समजून घेतली नाही तर त्याच यंत्रातून मुलांच्या पोटात दुखणे जाते. म्हणून आधी यंत्र पाहू.

२०१० साली बर्लिनच्या प्रदर्शनात फिलिप्स कंपनीने हे यंत्र प्रथम मांडले. नावात तळणे असले तरी आत तेल तापत नाही. वर विजेची तार तापते, तिच्यावर पंखा फिरतो, आणि तापलेली हवा जाळीच्या भांड्यातून गरागरा फिरते. ओले धोतर उन्हात वाळते, पण वारा असला की लवकर वाळते, हो की नाही? कारण कपड्याभोवती साचलेली दमट हवा वारा उडवून लावतो. तेच इथे. पदार्थाभोवतीची दमट हवा पंखा सारखी बाजूला करतो, पृष्ठभाग कोरडा होतो, आणि कोरडा झाला की १८० अंशांच्या हवेत तो भराभर तांबूस आणि कुरकुरीत होतो. गुरुजी, उष्णतेचे अभिसरण शिकवताना हे उदाहरण मुलांना चटकन पटते.

पण यातच मेख आहे. हवा काम करते ती बाहेरच्या कातडीवर. आतला गाभा तापतो तो उष्णता हळूहळू आत झिरपल्यावरच, आणि त्याला वेळ लागतो. मी पहिल्यांदा केले तेव्हा बर्फासारखी घट्ट सॉसेज फ्रीजरमधून काढली, थेट यंत्रात टाकली आणि २०० अंशांवर चढवली. सहा मिनिटांत काय सुंदर रंग आला म्हणता! मोठ्या ऐटीने पाने मांडली. भाच्याने एक घास घेतला आणि म्हणाला, "मामा, आत कुल्फी आहे." सगळे हसले, मी मात्र हसलो नाही. ते सॉसेज आधी शिजवलेले होते म्हणून निभावले. कच्च्या मांसाचे असते तर?

तेव्हा या यंत्रापुढे उभे राहताना एवढे ध्यानात धरा: रंगावरून शिजले असे ठरवायचे नाही. बाजारातून पाकीट आणले की पहिल्यांदा वाचा, ते आधी शिजवलेले आहे की कच्चे. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलीकडून वाचून घ्या. साधारणतः हॉट डॉगची सॉसेज शिजवलेली असतात, ती फक्त वाफ निघेपर्यंत गरम करायची. कच्ची असतील, तर कोंबडीच्या मांसाचा गाभा ७४ अंशांपर्यंत आणि डुकराच्या वाटलेल्या मांसाचा ७१ अंशांपर्यंत तापला पाहिजे. त्यासाठी स्वयंपाकाचा सुईचा थर्मामीटर मिळतो, तो टोकाकडून लांबीत खुपसायचा. (तापाचा थर्मामीटर कृपा करून घालू नका. त्याची धाव बेचाळीस अंशांपर्यंत, पुढे तो फुटतो.) थर्मामीटर नसेल तर कच्ची सॉसेज या यंत्रात करूच नका, असे मी स्पष्ट सांगेन. ती पातेल्यात पाण्यात चांगली उकळून शिजवा आणि मग फक्त रंगासाठी यंत्रात घाला. गोव्याचे चोरिसही इथे नको. त्याची लाल चरबी खाली गळून धूर होतो. ते कांद्याबरोबर कढईतच मंद शिजावे.

यंत्रात घालण्याआधीची गोष्ट म्हणजे थंडावा. मासळीला बर्फ लागतो हे कळंबच्या बाईला कोणी शिकवायला नको. सॉसेजला तोच न्याय. ५ ते ६० अंशांच्या मधल्या उबेत जंतू झपाट्याने वाढतात, आणि आपला वैशाख तर या उबेच्या बरोबर मध्यावर. नालासोपाऱ्याहून रिक्षाने आणायचे असेल तर मासळीच्या थर्माकोलच्या पेटीत बर्फ घालून आणा. दुकानातली खरेदी सगळ्यात शेवटी करा, आणि वाटेत कोणाकडे चहाला थांबू नका. आदल्या रात्री फ्रीजरमधून काढून खालच्या खणात ठेवले की सकाळपर्यंत हळूहळू सुटते. ओट्यावर उघडे ठेवून सुटवू नका.

पावसाळ्यात वीज जाते ती कधी कधी रात्रभर येत नाही. आपण झोपेत असताना किती वेळ गेली, हे कसे कळावे? एक सोपी युक्ती आहे. वाटीभर पाणी फ्रीजरमध्ये गोठवा आणि त्या बर्फावर एक रुपयाचे नाणे ठेवून द्या. सकाळी नाणे वरच असेल तर ठीक. नाणे तळाशी गेलेले दिसले, तर रात्री बर्फ वितळून पुन्हा गोठला, असे समजा. मग तिथले सॉसेज घट्ट दिसले तरी टाकून द्या. पैसे गेले याची हळहळ वाटते, पण तेवढी हळहळ परवडते.

आता कृती. सॉसेजवर कागदासारखे आवरण असेल तर ते सोलून काढा. प्रत्येकाला सुरीने तीन-चार तिरके, उथळ छेद द्या. पाण्याची वाफ झाली की ती सोळाशे पटींहून अधिक जागा मागते. तिला वाट मिळाली नाही तर कातडी फाटते आणि रस उडतो. यंत्र रिकामे तीन मिनिटे तापवा. सॉसेज एकाच थरात, एकमेकांना न चिकटता मांडा. गर्दी केलीत तर हवा फिरणार कुठून? १८० अंशांवर सहा ते आठ मिनिटे, मध्ये एकदा उलटायची. तेल घालायची गरज नाही, त्यांच्यात स्वतःची चरबी पुष्कळ असते. म्हणूनच सांगतो, या यंत्राने तेल वाचते, पण सॉसेजमधली चरबी काही नाहीशी होत नाही.

पावाची एक गंमत आहे. मोकळा पाव जाळीत ठेवलात तर पंख्याच्या वाऱ्याने तो वर उडून तारेला चिकटतो आणि जळतो. पाव चिरून त्यात शिजलेले सॉसेज घाला, म्हणजे वजनाने तो खाली बसतो. १६० अंशांवर एक मिनिट, फार तर दीड. फक्त सोनेरी होऊ द्या. लांब पाव मिळाला नाही तर लादीतले दोन जोडपाव वेगळे न करता मधून चिरा, काम भागते. मांस न खाणाऱ्यांनी उकडलेला बटाटा आणि शिजवलेला राजमा कुस्करून, पावाचा चुरा घालून, बोटासारखे वळावे आणि तेलाचा हात लावून २०० अंशांवर दहा-बारा मिनिटे ठेवावे.

आता आला सॉस, आणि इथे मला जरा रमू द्या. बाटलीतला गोड सॉस विकत मिळतो, पण आपल्या शेजारी आगाशीला सुकेळी होते हे आपण विसरलो काय? राजेळी केळी पिकली की तिच्यातल्या पिठाची साखर होते. मग ती सोलून उन्हात वाळवतात. पाणी जाते, साखर राहते, आणि केळे मधाच्या रंगाचे, चिवट होते. जे काम आपले यंत्र कातडीवर चार मिनिटांत करते, तेच ऊन आणि वारा मिळून सुकेळीवर कितीतरी दिवस सावकाश करतात. कष्टाचे काम आहे, म्हणून सुकेळी महाग असते आणि करणारी घरेही आता थोडी उरली आहेत. पण सॉसला चारच लागतात.

चार सुकेळ्यांचे तुकडे करून दीड वाटी गरम पाण्यात तासभर भिजवा. लिंबाएवढी चिंच वेगळी भिजवून तिचा कोळ काढा. दोन्ही एकत्र वाटा आणि चाळणीतून गाळा. त्यात चमचाभर लाल तिखट, अर्धा चमचा सुंठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि चवीपुरते मीठ घालून मंद आचेवर दहा मिनिटे ढवळत शिजवा. खाली लागतो, म्हणून चूल सोडून जाऊ नका. शेवटी चमचाभर व्हिनेगर. गूळ मी घालत नाही. तुम्हाला हवा तर खडाभर घाला. झाला की नाही हे पाहायला थेंब ताटलीत टाका. भोवती पाण्याचे कडे सुटले नाही म्हणजे झाला. सुकेळी मिळाली नाही तर अर्धा किलो लाल टोमॅटो शिजवून गाळा आणि शंभर ग्रॅम गूळ घालून आटवा. तोही चांगला, पण सुकेळीचा तो नव्हे.

भांडे स्टीलचे घ्या. कल्हई गेलेल्या पितळी पातेल्यात चिंच किंवा टोमॅटो शिजवला तर धातू उतरतो. बाटली उकळून कोरडी करून मगच सॉस भरा, फ्रीजमध्ये ठेवा, ओला चमचा घालू नका, आणि दोन आठवड्यांत संपवा. हा सॉस सॉसेजला लावून यंत्रात मात्र ठेवायचा नाही. साखर लवकर करपते आणि कडवट होते. पाव बाहेर काढल्यावरच वरून घाला.

शिक्षकांना आणि अंगणवाडीच्या ताईंना एक विनंती. चार वर्षांखालच्या मुलाच्या हाती सॉसेज अख्खे किंवा गोल चकत्या करून देऊ नका. तो गोल तुकडा लहान घशात बुचासारखा बसतो. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१० साली याच पदार्थाचे नाव घेऊन इशारा दिला होता. उभे चार भाग करा, मग बारीक तुकडे करा, आणि मूल बसून खाईल असे पाहा. पळता पळता नको.

आणि रोज तर नकोच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली सॉसेजसारखे प्रक्रिया केलेले मांस कर्करोगाला कारण होणाऱ्या पदार्थांत घातले. रोज ५० ग्रॅम खाणाऱ्याला आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, असे तिने म्हटले. एकदोन सॉसेज म्हणजे तेवढे वजन होतेच. महिन्यातून एखाद्या रविवारी केले तर घाबरण्याचे कारण नाही, पण शाळेच्या डब्यात ते सवयीचे होऊ देऊ नका. किनाऱ्यावर टपरी लावून विकायचा विचार असेल, तर २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे आधी नोंदणी करावी लागते, तेही लक्षात असू द्या.

राहिली वीज. यंत्र पंधराशे वॅटचे असेल आणि दाब २३० व्होल्टचा, तर भागाकार करा: साडेसहा अँपिअर येतात. पंखा आणि मोबाईल लावतो ते लहान सॉकेट सहा अँपिअरचे. म्हणजे ते पुरे पडत नाही, तापते, वितळते. सोळा अँपिअरचे मोठे सॉकेटच हवे, आणि वाढीव वायरची पट्टी नको. दहावीच्या वर्गात हे गणित फळ्यावर घालायला हरकत नाही. खर्चाचे म्हणाल तर दहा मिनिटांना पाव युनिटच्या आतच वीज लागते. किनाऱ्यालगतच्या घरांत खाऱ्या वाऱ्याने प्लगच्या पितळी पिना हिरव्या पडतात आणि पकड सैल होते, म्हणून महिन्यातून एकदा बटण बंद करून, प्लग काढून, त्या कोरड्या फडक्याने पुसा. यंत्राच्या मागे वीतभर जागा मोकळी ठेवा, तिथून गरम हवा बाहेर पडते. काम झाल्यावर जाळी कोमट झाली की लगेच धुवा. साठलेली चरबी पुढच्या खेपेला धूर करते, आणि मग शेजारीण विचारते, काय जळले हो तुमच्याकडे?