तुकडोजी महाराजांच्या पदव्या

मानसन्मानानें माणसाचें नांव मोठें होतें असा सर्वसाधारण अनुभव आहे. वऱ्हाडांतील एका भजनकाराला मिळालेली पहिली पदवी मात्र त्याचें नांव लहान करणारी होती. अमरावती जिल्ह्यांतील यावली येथें १९०९ सालीं जन्मलेल्या माणिक बंडोजी इंगळे या मुलास वरखेडच्या आडकोजी महाराजांनीं ‘तुकड्या’ असें नांव दिलें. रत्नाचा तुकडा झाला! शाळेचें शिक्षण बेताचें, हातीं खंजिरी, आणि मराठी व हिंदी अशा दोन्ही भाषांत चालणारी रचना. तिच्या शेवटच्या चरणांत संतपरंपरेस अनुसरून हेंच नांव मुद्रेसारखें उमटत राहिलें. पुढें मिळालेल्या कोणत्याहि पदवीला तें स्थान लाभलें नाहीं.

दुसरें मानपत्र इंग्रज सरकारचें. १९४२ च्या ऑगस्टमध्यें चिमूर येथें उठाव झाला. महाराजांच्या भजनांनीं तो मुलूख आधींच तापला होता. सरकारनें त्यांना पकडून नागपूर व रायपूर येथील तुरुंगांत ठेवलें. खंजिरीवर गाणाऱ्या माणसाचा राज्यकर्त्यांनीं एवढा धसका घ्यावा, हा त्याच्या गीतांचा गौरव नव्हे तर काय?

स्वातंत्र्यानंतर राष्ट्रपति डॉ. राजेंद्रप्रसाद यांनीं त्यांना ‘राष्ट्रसंत’ म्हणून गौरविलें, आणि १९५५ सालीं जपानमधील विश्वधर्म परिषदेंतहि त्यांची खंजिरी वाजली. मौज पुढेंच आहे. १९२३ सालीं स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठास २००५ मध्यें त्यांचें नांव देण्यांत आलें. अमरावती-अकोल्याचे विद्यार्थी ज्या विद्यापीठाची परीक्षा देतात, त्यास तर गाडगे बाबांचें नांव आहे. ज्यांना शाळेचा फारसा सहवास घडला नाहीं, अशा या दोघां वऱ्हाडी लोकशिक्षकांचीं नांवें आज पदवीधरांच्या प्रमाणपत्रांच्या माथ्यावर छापलीं जातात!

११ ऑक्टोबर १९६८ रोजीं मोझरीच्या गुरुकुंज आश्रमांत महाराजांचें देहावसान झालें. तेथें दरवर्षीं आश्विन वद्य पंचमीस दूरदूरच्या गांवांहून माणसें जमतात, आणि चार वाजून अठ्ठावन्न मिनिटें झालीं, म्हणजे महाराजांच्या निर्वाणाची वेळ आली, कीं भजन व खंजिरी दोन्ही थांबवून तो सारा जनसमुदाय मौन धरून उभा राहतो.