विचारवंतांची नावे आणि लोकांची वाणी



सरकारी कचेरीत एखादे प्रकरण महिनोन्महिने अडून राहिले की आपण म्हणतो, मध्ये कोणीतरी ‘झारीतील शुक्राचार्य’ बसला आहे. निवडणुकीचा निकाल लागला की वृत्तपत्रे कोणाला तरी ‘आधुनिक चाणक्य’ ठरवतात. न विचारता सल्ला देणाऱ्या मुलाला घरातील वडीलधारी माणसे ‘मोठा बृहस्पती लागून गेलास!’ असे ऐकवतात. शुक्र, चाणक्य आणि बृहस्पती हे तिघेही परंपरेने शास्त्रप्रवर्तक मानलेले. परंतु बोलताना त्यांचे शास्त्र आपल्या मनात नसते. असतो तो केवळ एक स्वभाव, आणि पुष्कळदा एक टोमणा.

‘आमचा कुंभकर्ण अजून उठला नाही’ या वाक्यात विशेषनामाचे सामान्यनाम होते, हे आपण शालेय व्याकरणात शिकलो. विचारवंताच्या नावावरून शब्द बनतो तो दोन वाटांनी. एक वाट व्याकरणाची. पाणिनीपासून ‘पाणिनीय’, कणादापासून ‘काणाद’, बुद्धापासून ‘बौद्ध’. येथे तद्धित प्रत्यय लागतो, ‘त्याचा’ किंवा ‘त्याला अनुसरणारा’ एवढाच अर्थ सांगतो आणि बाजूला होतो. दुसरी वाट लोकवाणीची. या वाटेने आलेला शब्द आपल्याबरोबर एक निवाडाही घेऊन येतो. हा निवाडा बहुधा प्रतिपक्षाने लिहिलेला असतो, हे मला आज विशेषेकरून सांगावयाचे आहे.

शाळेच्या वास्तूत बोलत असल्यामुळे प्रथम शाळेतलाच शब्द घेतो. इंग्रजीत मठ्ठ विद्यार्थ्याला ‘डन्स’ म्हणतात. हा शब्द जॉन डन्स स्कोटस या तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात जन्मलेल्या आणि १३०८ मध्ये कोलोन येथे निवर्तलेल्या तत्त्वज्ञाच्या नावावरून आला आहे. त्याला समकालीन परंपरेने ‘सूक्ष्मबुद्धीचा आचार्य’ अशी पदवी दिली होती. पुढे सोळाव्या शतकात नव्या विद्येचे अभिमानी पुढे आले. स्कोटसच्या अनुयायांचा कीस पाडणारा तर्क त्यांना असह्य झाला आणि ‘डन्सवाला’ ही शिवी झाली. १५३५ मध्ये ऑक्सफर्डच्या एका महाविद्यालयाच्या चौकात त्याच्या ग्रंथांची फाडलेली पाने वाऱ्यावर उडत होती, असे तेथे तपासणीस गेलेल्या अधिकाऱ्याने लिहून ठेवले आहे. अतिसूक्ष्म बुद्धीच्या माणसाचे नाव जडबुद्धीला मिळाले. वादात हरणे निराळे आणि शब्दकोशात हरणे निराळे!

आपल्याकडे याहून गुंतागुंतीचे उदाहरण चाणक्याचे आहे, कारण एकाच पुरुषाच्या दोन नावांनी भाषेत दोन वेगळ्या वाटा धरल्या. ‘चाणाक्ष’ हा आपला मराठी शब्द चाणक्यावरून आला असे सामान्यतः मानतात. त्यात कौतुक आहे; चाणाक्ष सून, चाणाक्ष दुकानदार असे आपण आनंदाने म्हणतो. ‘कौटिल्य’ मात्र भाववाचक नाम म्हणून वापरले की अर्थ होतो कुटिलपणा. वस्तुतः काही परंपरा हे नाव ‘कौटल्य’ असे देतात आणि ‘कुटल’ या गोत्राशी जोडतात. त्रिवेंद्रमच्या गणपतिशास्त्र्यांनी १९२४-२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या आवृत्तीत हाच पाठ स्वीकारला. पण विशाखदत्ताने ‘मुद्राराक्षसा’त नावावर श्लेष साधला होता आणि चांगल्या श्लेषापुढे गोत्राचे काय चालणार!

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. शामशास्त्र्यांच्या हाती अर्थशास्त्राची पोथी १९०५ मध्ये आली आणि ग्रंथ १९०९ मध्ये म्हैसूरहून छापला गेला. तोपर्यंत कित्येक पिढ्यांना चाणक्य ठाऊक होता तो नाटकातून आणि आख्यायिकांतून. ग्रंथ उघडावा, तर त्यात हेर आणि विषप्रयोग आहेतच, ते नाकारण्याचे कारण नाही; परंतु मापात खोट करणाऱ्या व्यापाऱ्याला दंड आहे, दुष्काळात शेतकऱ्याला बियाणे देण्याची तरतूद आहे, आणि प्रजेच्या सुखातच राजाचे सुख असते हा विचार आहे. मुंबई विद्यापीठासाठी प्रा. कंगले यांनी १९६० ते १९६५ या काळात या ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती, भाषांतर आणि अभ्यास सिद्ध केला. ‘आधुनिक चाणक्य’ लिहिणाऱ्या वार्ताहराने निदान त्याची अनुक्रमणिका चाळावी, अशी माझी विनंती आहे.

त्याच अर्थशास्त्रात प्रारंभी आन्वीक्षिकी विद्येची गणना करताना सांख्य आणि योग यांच्या पंक्तीला लोकायत बसवलेले आहे. लोकायत म्हणजेच चार्वाकांचे मत. एके काळी राजपुत्राने अभ्यासावी अशी जी विद्या होती, तिच्या प्रवर्तकाचे नाव आज आपण कोणाला देतो? ऋण काढून सण करणाऱ्याला!

या समजुतीचे मूळ कर्ज काढून तूप पिण्याचा उपदेश करणाऱ्या प्रसिद्ध श्लोकात आहे. हा श्लोक चार्वाकांच्या स्वतःच्या ग्रंथातून आपल्याकडे आलेला नाही. चौदाव्या शतकातील माधवाचार्यांच्या ‘सर्वदर्शनसंग्रहा’मुळे तो सर्वतोमुखी झाला. मौज अशी की, त्या ग्रंथात चार्वाकप्रकरणाच्या आरंभी याच श्लोकाचा दुसरा पाठ येतो. त्यात तूपही नाही आणि कर्जही नाही. मृत्यूच्या तावडीतून कोणी सुटत नाही, म्हणून जिवंत आहोत तोवर सुखाने जगावे, एवढाच त्याचा आशय आहे. तूप प्रकरणाच्या शेवटी अवतरते. लोकांनी कोणता पाठ उचलला, हे सांगावयास नको. ग्रीसच्या एपिक्युरसचीही हीच गत झाली. पाण्यावर आणि भाकरीवर संतुष्ट राहणाऱ्या या पुरुषाचे नाव युरोपात खवय्यांना मिळाले!

चार्वाकांची बाजू मांडणारे सूत्रग्रंथ लुप्त झाले. परंतु त्यांच्या गोत्रातला म्हणता येईल असा एक ग्रंथ वाचला, आणि त्याच्याशी आपल्या बडोद्याचे नाते आहे. पाटणच्या जैन भांडारात १९२६ मध्ये जयराशिभट्टाच्या ‘तत्त्वोपप्लवसिंह’ या ग्रंथाची ताडपत्री पोथी आढळली. पंडित सुखलालजी आणि रसिकलाल परीख यांनी संपादिलेला हा ग्रंथ १९४० मध्ये येथल्याच गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत प्रसिद्ध झाला. जयराशी चार्वाकच होता की निव्वळ संशयवादी होता, यावर पंडितांचा वाद आहे. तो प्रत्यक्षासकट सर्व प्रमाणे खोडून काढतो. तुपाचा मोह त्याला दिसत नाही. आणि ही पोथी शतकानुशतके जपली ती जैनांनी, म्हणजे मतभेद असलेल्यांनीच. प्रतिपक्षाला बोल लावताना एवढे ऋणही नोंदवले पाहिजे.

प्रतिपक्षाऐवजी भक्ताने शब्द घडवला तरी अर्थ आखडतोच. ‘प्लेटॉनिक प्रेम’ ही कल्पना पंधराव्या शतकात फ्लॉरेन्सच्या फिचिनोने आदरानेच रूढ केली. प्लेटोच्या संवादात मात्र प्रेम एका देहाच्या सौंदर्यापासूनच निघते आणि पायरीपायरीने सौंदर्याच्या मूळ तत्त्वाकडे चढते. आपण पहिली पायरी काढून टाकली आणि अशरीरी मैत्रीला प्लेटोचे नाव दिले.

ही प्रक्रिया आपल्या डोळ्यांदेखतही चालू आहे. आपल्या चळवळीला नाव हवे म्हणून गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत ‘इंडियन ओपिनियन’मधून सूचना मागवल्या. मगनलाल गांधींनी ‘सदाग्रह’ सुचवले. गांधीजींनी त्याचे ‘सत्याग्रह’ केले. त्या शब्दात स्वतःचे नाव कोठे नाही. ‘गांधीवाद’ नावाची काही वस्तू नाही आणि आपल्यामागे पंथ ठेवण्याची इच्छा नाही, असेही त्यांनी १९३६ मध्ये स्पष्ट केले होते. तरी ‘गांधीवाद’ झालाच. २००६ मध्ये एका हिंदी चित्रपटाने ‘गांधीगिरी’ लोकांच्या तोंडी बसवली. ‘गिरी’ हा प्रत्यय मुलूखगिरी, गुलामगिरी, दादागिरी या शब्दांमधून आपल्या चांगल्या परिचयाचा. आता रस्त्याच्या खड्ड्यात रोपटे लावले, अथवा कामचुकार अधिकाऱ्याच्या हाती गुलाबाचे फूल दिले, की बातमीचा मथळा ठरलेला असतो: ‘नागरिकांची गांधीगिरी’.