वयाच्या रकान्यात अडलेली मुले

देशातली पहिली दोन नवोदय विद्यालये १९८५-८६ मध्ये प्रयोग म्हणून सुरू झाली. एक हरियाणातल्या झज्जरला, दुसरे आपल्या अमरावतीत. खेड्यातल्या हुशार मुलाला घरच्या गरिबीमुळे चांगल्या शाळेला मुकावे लागू नये, हा त्यामागचा हेतू. आज अशी साडेसहाशेहून अधिक विद्यालये आहेत. सहावीच्या ८० जागांपैकी किमान ७५ टक्के ग्रामीण मुलांना मिळतात. राहणे, जेवण, गणवेश, पुस्तके सारे सरकारकडून. पाचवीत असताना दोन तासांची परीक्षा द्यायची, ८० प्रश्न आणि १०० गुण. त्यातले निम्मे गुण बौद्धिक क्षमतेचे. पेपर मराठीतही असतो.

ग्रामीण महाराष्ट्रात या परीक्षेने घडवलेले बदल मोठे आहेत आणि त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. म्हणूनच तिच्या दारातून जी मुले पेपर न देताच परत जातात, त्यांच्याविषयी बोलायला हवे. ही मुले शाळेत उशिरा आलेली असतात.

उशीर का होतो, हे बीडकडच्या कोणत्याही गुरुजींना विचारा. दिवाळीच्या सुमारास पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, धारूरकडच्या टोळ्या ऊसतोडीला निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत थांबता येत नाही. पोर सहा वर्षांचे झाले तरी सांभाळायला घरी कोणी नसेल तर तेही फडाजवळच्या कोपीवर, म्हणजे झोपडीवर, येते. मुलगी असेल तर धाकट्याला तीच सांभाळते. कारखान्याचा पट्टा पडून, म्हणजे गाळप संपून, गावी परत येईतो मार्च-एप्रिल उजाडतो आणि शाळेचे वर्ष सरलेले असते. मग सातव्या-आठव्या वर्षी आजी तयार होते, किंवा गावात हंगामी वसतिगृह चालू होते, तेव्हा कुठे त्या पोराचे नाव पटावर टिकते. वीटभट्टीवरच्या आणि मेंढरांमागे फिरणाऱ्या कुटुंबांतही थोड्याफार फरकाने हेच घडते.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने या मुलांचा विचार केला आहे. कलम ४ सांगते की शाळेत कधीच न गेलेल्या मुलाला त्याच्या वयाला साजेशा वर्गात घ्या आणि मागे राहिलेला अभ्यास भरून काढण्यासाठी विशेष प्रशिक्षण द्या. दहा वर्षांची मुलगी आली, तर पहिलीतल्या लहानग्यांत बसवून तिला लाजवू नका. कायद्यातली ही माणुसकी मला फार मोलाची वाटते.

पण नवोदयच्या अटी या कलमाशी जुळत नाहीत. ग्रामीण जागेसाठी उमेदवाराने तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षे ग्रामीण भागातल्या मान्यताप्राप्त शाळेत पूर्ण केलेली असावी लागतात. वयानुरूप प्रवेश घेऊन थेट चौथीत बसलेल्या मुलाची तिसरी कुठून दाखवणार? आणि शिक्षकाने त्याला रीतसर पहिलीपासून शिकवत आणले, तर पाचवीत येईतो त्याचे वय निघून जाते. कायद्याने धरलेला रस्ता घ्या किंवा जुना घ्या, मूल बाहेरच.

वयाची ही अट अलीकडे आणखी आवळली गेली. २०२२ च्या प्रवेशासाठी १ मे २००९ ते ३० एप्रिल २०१३ या काळात जन्मलेली मुले पात्र होती, म्हणजे वरची मर्यादा तेरा वर्षांची. पुढच्याच वर्षी ती बारावर आली. २०२४ साठी जन्मतारीख १ मे २०१२ ते ३१ जुलै २०१४ यांच्या दरम्यान लागत होती. चार वर्षांची मुभा सव्वादोन वर्षांवर आली. हिशेब सोपा आहे. पहिलीत नाव घातले त्या वर्षीच्या एप्रिलअखेर ज्याला सात पूर्ण झाली होती, ते मूल एकदाही नापास न होता पाचवीपर्यंत आले तरी अपात्र. पूर्वी ही रेषा आठवर होती. ते एक वर्ष कोपीवरच्या पोरांसाठी फार मोठे होते.

याशिवाय परीक्षा डिसेंबर-जानेवारीत, ऐन हंगामात असते आणि उमेदवार त्याच जिल्ह्यात पाचवीत शिकत असावा लागतो. पाटोद्याचे मूल तेव्हा कोल्हापूरच्या फडात असले, तर प्रवेशपत्र घरी पडून राहते.

वयोमर्यादेमागे कारणे नाहीत असे नव्हे. निवासी शाळेत अकरा वर्षांच्या मुलांमध्ये फार मोठे मूल नको, ही काळजी रास्त आहे. पण त्याच आवारात बारावीपर्यंतची मुले राहतात. तेरा वर्षांच्या सहावीतल्या मुलाची सोय तिथे अशक्य नाही. पुन्हा पुन्हा बसून जागा अडवण्याची भीती असेल, तर ही परीक्षा मुळातच एकदा देता येते. मोठ्या मुलाला वयाचा फायदा मिळतो हेही खरे, पण दोन वर्षे उसाच्या फडात काढलेल्या मुलाला तो कितीसा मिळणार?

इंग्लंडमध्ये अशीच निवड करणाऱ्या १६३ ग्रामर स्कूल आहेत. तिथल्या परीक्षांत सहसा वयाचा महिन्यांनुसार हिशेब करून गुण जुळवून घेतात. उन्हाळ्यात जन्मलेल्या मुलाला पालकांनी वर्षभर उशिरा शाळेत घातले असेल, तर माध्यमिक शाळेसाठी त्यांना पुन्हा विनंती करावी लागते आणि ती नाकारलीही जाऊ शकते. तरी त्या मुलाच्या परिस्थितीचा विचार करून निर्णय घेणे तिथल्या नियमानुसार बंधनकारक आहे. आपल्याकडे ऑनलाइन अर्जात जन्मतारीख भरली की विचार संपतो.

यावर उपाय अवघड नाही. शाळाबाह्य म्हणून नोंद झालेल्या किंवा हंगामी स्थलांतराचा दाखला असलेल्या मुलाला वरच्या वयात दोन वर्षांची सूट द्यावी. कलम ४ खालचे विशेष प्रशिक्षण वर्गाच्या वर्षाइतकेच ग्राह्य धरावे. टोळीबरोबर गेलेल्या मुलाला, ते असेल त्या जिल्ह्याच्या केंद्रावर पेपर देऊ द्यावा. खोट्या दाखल्यांची शंका येईल, पण शाळेची हजेरी आणि स्थलांतरित मुलांचे शिक्षण हमी कार्ड तपासता येते.

ज्या गावांतून टोळ्या जातात, तिथल्या शाळा व्यवस्थापन समित्यांनी या हंगामात एवढे करावे. आपल्या पाचवीतली किती मुले केवळ जन्मतारखेमुळे किंवा न झालेल्या तिसरीमुळे अर्ज भरू शकली नाहीत, त्यांची यादी करावी आणि ठरावासह ती नवोदय विद्यालय समितीला व आपल्या खासदारांना पाठवावी.