वाळवंटातला हिवाळी मुक्काम
ॲरिझोनातल्या क्वार्टझसाइटजवळ, ला पोसाच्या खडकाळ माळावर आमची आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घर, हिवाळाभर उभी असते. जमीन सरकारी. १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल या सात महिन्यांच्या परवान्याला कित्येक वर्षं १८० डॉलरच पडायचे. जागेवर वीज नाही, नळ नाही. सांडपाणी जमिनीवर सोडायला बंदी. म्हणून ताटं विसळण्याआधी आम्ही कागदाने पुसून घेतो. सांडपाण्याची टाकी भरली, की मांडलेला संसार आवरून गाडी हलवावी लागते. विजेचं सोपं. डिसेंबरात सूर्य भरदुपारीही क्षितिजापासून जेमतेम ३३ अंश वर येतो. पण छतावरची सौर पॅनेलं दक्षिणेकडे कलती केली, की बॅटरी चांगली भरते. रात्री थंडी बोचते, दुपारी मात्र पातळ सदऱ्यावर बाहेर बसता येतं. बर्फाळ उत्तरेतून एवढ्या लांब यायला मला हे ऊन पुरेसं कारण वाटतं.