हळदीचा मळा

लग्नघरी वधूवरांना लावतात ती हळद, रोजच्या वरणातली हळद आणि खरचटलेल्या गुडघ्यावर आई दाबते ती हळद सर्वांच्या ओळखीची असते. तिचे रोप मात्र शहरातील पुष्कळांनी पाहिलेले नसते. कर्दळीसारख्या रुंद पानांची ही वनस्पती आले आणि वेलदोडा यांच्या कुळातील होय. या कुळाचा स्वभाव मुळात रानातला. सह्याद्रीच्या जंगलात हळदीची बहीण रानहळद आजही आपोआप उगवते. हिवाळ्यात तिची पाने वाळतात आणि उन्हाळाभर कंद जमिनीत निजून राहतो. पाऊस पडला की तोच कंद पुन्हा फुटतो. झाडांची विरळ सावली, पाचोळ्याचे पांघरूण आणि पाणी न साचणारा उतार एवढेच तिचे मागणे असते.

नांदेड जिल्ह्यात यांपैकी काहीही आयते मिळत नाही. मे महिन्यात पारा ४२ अंशांपलीकडे जातो आणि काळी जमीन पाणी धरून ठेवते. तरीही अर्धापूर, मुदखेड, भोकर या भागांत आणि शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात हळदीचे मळे पसरलेले आहेत. वसमतच्या हळदीस २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन लाभले. रानाने जे दिले असते, ते येथे शेतकऱ्याला स्वतःच्या हातांनी द्यावे लागते.

हळदीला सहसा बी धरत नाही, म्हणून कंदच लावतात. मधला जाड कंद म्हणजे जेठा गड्डा. बेण्यासाठी तोच उत्तम. त्याला बिलगून वाढणारी बोटे ती हळकुंडे. मे-जूनमध्ये उंच गादीवाफ्यांवर लागवड होते. वाफे उंच नसतील तर पावसाचे पाणी मुळाशी साचते, कंदकूज लागते आणि वरून हिरवेगार दिसणारे पीक आत नासून जाते. पाने पिवळी पडून हे ध्यानात येईपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. वाढत्या हळकुंडांना ऊन लागू नये म्हणून मातीची भर देतात. बांधाला कोणी एरंड लावतो.

हळदीला आठ-नऊ महिने पाणी हवे. नांदेडच्या बाजूला इसापूर धरणाचे कालवे आहेत. लातूरची गोष्ट वेगळी. २०१६ च्या टंचाईत त्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. तेथे विहीर जितकी पुरेल तितकीच हळद लावणे शहाणपणाचे.

पाने वाळली की पाला कापून कंद खणतात. हळकुंडे शिजवल्याने कच्चा वास जातो आणि रंग आतपर्यंत सारखा होतो. काडी सहज रुतली म्हणजे ती शिजली. मग ती दोन आठवडे उन्हात वाळतात आणि पिंपात फिरून चकाकतात. बेण्याचे गड्डे मात्र शिजवत नाहीत. एखाद्या झाडाच्या गार सावलीत त्यांचा ढीग रचून त्यावर हळदीचाच वाळलेला पाला पांघरतात. मे महिन्यापर्यंत त्यांचे डोळे फुगू लागतात.