शत्रूचा चेहरा

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

काही नट असे असतात, की त्यांचा चेहरा आपण गर्दीतही ओळखतो. नाव विचारले तर मात्र डोके खाजवावे लागते. 'तो अमक्या सिनेमातला व्हिलन ना?' इथवरच आपली मजल जाते. युर्गेन प्रोख्नो हा जर्मन नट माझ्या लेखी कित्येक वर्षे असाच बिननावाचा होता. त्यांना मी पहिल्यांदा पाहिले ते भाड्याने आणलेल्या व्हिडिओ कॅसेटवर. सिनेमा होता 1987 सालचा 'बेव्हर्ली हिल्स कॉप 2'. एडी मर्फीची अखंड बडबड, पाठलाग, गोळीबार, आणि या साऱ्या धामधुमीत उंची कपडे घातलेला, खडबडीत चेहऱ्याचा, थंड नजरेचा एक शस्त्रांचा दलाल. मॅक्सवेल डेंट हे त्याचे नाव. शेवटी तो मेला, तेव्हा आम्ही घरातल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि त्याला विसरून गेलो.

पुढे काही वर्षांनी एका फिल्म क्लबमध्ये एक जर्मन चित्रपट पाहायला मिळाला. पडद्यावर पाणबुडीचा कप्तान आला आणि मी चमकलो. हा तर तोच! या चित्रपटातही तो शेवटी मरतो. पण या वेळी टाळी कोणी वाजवली नाही. दिवे लागले तरी काही क्षण कोणी जागचे उठले नाही.

नट तोच, चेहरा तोच. एकदा त्याच्या मरणाने आपल्याला बरे वाटते आणि एकदा गलबलून येते. हे कसे होते, त्यात नटाचा वाटा किती आणि आपला, म्हणजे प्रेक्षकांचा, वाटा किती, याबद्दल आज थोडे बोलायचे आहे.

प्रोख्नो यांचा जन्म 10 जून 1941 रोजी बर्लिनमध्ये झाला. त्यानंतर बाराच दिवसांनी हिटलरच्या सैन्याने सोव्हिएत रशियावर आक्रमण केले. म्हणजे ज्या युद्धाने पुढे त्यांना सिनेमातल्या सर्वांत मोठ्या भूमिका दिल्या, ते युद्ध त्यांच्या पाळण्याच्या भोवतीच चालले होते. बालपण गेले ड्युसेलडॉर्फमध्ये. शाळा संपल्यावर आधी बँकेत उमेदवारी, मग एसेन शहरातल्या फोल्कवांग संस्थेत अभिनयाचे रीतसर शिक्षण आणि त्यानंतर रंगभूमी. जर्मनीत जवळजवळ प्रत्येक मोठ्या शहराचे स्वतःचे नाट्यगृह असते आणि त्याला नेमलेला, पगारी नटसंच असतो. नाटकामागून नाटक करीत नट तिथे तयार होतो. प्रोख्नो बोखुमच्या नाट्यगृहात असे तयार झाले.

सत्तरच्या दशकात ते सिनेमात आले तेव्हा पश्चिम जर्मनीचे वातावरण तापलेले होते. अतिरेकी गटांचे हल्ले, पोलिसांच्या धाडी, शेजाऱ्याने शेजाऱ्याकडे संशयाने पाहणे, असे ते दिवस होते. त्या काळातल्या जर्मन थरारपटांत खून आणि पाठलाग असतो, पण 'गुन्हेगार कोण?' एवढ्यावर प्रश्न थांबत नाही. 'गुन्हेगार ठरवतो कोण?' असेही विचारले जाते. हाइन्रिश ब्योल यांच्या कादंबरीवरचा, फोल्कर श्लोन्डोर्फ आणि मार्गारेटे फोन ट्रोटा यांचा 'द लॉस्ट ऑनर ऑफ कॅथरीना ब्लूम' (1975) पाहा. एक साधी, कष्टाळू तरुणी एका फरारी माणसाबरोबर एक रात्र घालवते आणि त्यानंतर पोलीस आणि एक सनसनाटी वृत्तपत्र मिळून तिच्या आयुष्याची लक्तरे करतात. तो फरारी माणूस प्रोख्नो यांनी केला. पडद्यावर ते फार वेळ नसतात. पण या माणसासाठी ती बाई एवढे का सोसते, हे आपल्याला पटायला हवे. आणि ते पटते.

याच काळात त्यांची गाठ वुल्फगांग पीटरसन या तरुण दिग्दर्शकाशी पडली. 'तातोर्ट' ही जर्मनीतली विलक्षण लोकप्रिय पोलीस मालिका 1970 पासून चालू आहे. तिच्या 1973 च्या एका भागात प्रोख्नो पीटरसन यांच्या हाताखाली तुरुंगातून पळालेला कैदी झाले. पुढच्या वर्षी पीटरसन यांच्या पहिल्याच चित्रपटात ते प्राध्यापकाला ब्लॅकमेल करणारा विद्यार्थी झाले. 1977 मध्ये 'द कॉन्सिक्वेन्स' या चित्रपटात दोन पुरुषांमधल्या प्रेमाची गोष्ट या जोडीने इतक्या सरळपणे सांगितली, की बव्हेरियाच्या दूरचित्रवाणीने तो दाखवायलाच नकार दिला. कैदी, खंडणीखोर, समाजाने वाळीत टाकलेला माणूस... प्रेक्षकाने ज्याच्याकडे पाठ फिरवावी अशी ही सारी माणसे. दिग्दर्शक आणि नट मिळून प्रेक्षकाला त्यांच्याकडे नीट पाहायला लावत होते.

पुढच्या मोठ्या कामाची ही तालीमच होती. ते काम म्हणजे 1981 सालचा 'दास बोट'. आपल्याकडे बरेच जण स्पेलिंग पाहून 'दास बूट' म्हणतात. पण त्या जर्मन शब्दाचा उच्चार 'बोट' असाच आहे आणि अर्थही आपल्या बोटीचाच. लोथार-ग्युन्टर बुखहाइम हे युद्धवार्ताहर म्हणून स्वतः जर्मन पाणबुडीवर गेले होते. त्या अनुभवावर त्यांनी 1973 मध्ये कादंबरी लिहिली. तिच्यावर आधी अमेरिकी दिग्दर्शक चित्रपट काढणार, अशी बोलणी चालली होती आणि कप्तानाच्या भूमिकेसाठी रॉबर्ट रेडफर्डसारख्या ताऱ्याचे नाव घेतले जात होते. ते बारगळले आणि काम पीटरसन यांच्याकडे आले.

म्युनिकजवळच्या बव्हारिया स्टुडिओत पाणबुडीचा अंतर्भाग खऱ्या मापाने उभारला गेला आणि तो यंत्रावर बसवून हवा तसा कलवता, हादरवता येईल अशी सोय केली. अशी पाणबुडी लांबीला सुमारे 67 मीटर. आत चाळीस-पन्नास माणसे आणि मधून एकट्याने जेमतेम जाता येईल एवढी वाट. छायालेखक योस्ट व्हकानो हातात कॅमेरा घेऊन, डोक्याला शिरस्त्राण आणि अंगाला गाद्या बांधून त्या वाटेने नटांच्या मागे धावत. चित्रीकरण कथेच्या क्रमानेच केले, म्हणजे दाढ्या खऱ्याखुऱ्या वाढाव्यात. नटांनी उन्हात फिरू नये, अशीही ताकीद होती, म्हणजे चेहरे आपसूक फिकट पडत जावेत.

या कप्तानाला चित्रपटात नाव नाही. खलाशी त्याला 'म्हातारा' म्हणतात. वय असेल तिशीचे. नाझी पुढाऱ्यांच्या भाषणांचा त्याला वीट आलेला आहे, तरीही हुकूम मिळाला की पाणतीर सोडण्यात तो कसूर करीत नाही. एक प्रसंग माझ्या मनातून जात नाही. पाणबुडीने टिपलेले तेलवाहू जहाज रात्री जळते आहे. त्यावर आता कोणी नसेल असे समजून कप्तान शेवटचा घाव घालतो. मग दिसते, की माणसे अजून तिथेच आहेत. पेटलेली माणसे पाण्यात उड्या टाकतात, पाणबुडीच्या दिशेने पोहू लागतात. त्यांना आत घ्यायला जागा नाही. कप्तान पाणबुडी मागे घ्यायचा हुकूम देतो. तो शब्दांत काही समर्थन करीत नाही. कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावर राहतो आणि आपल्याला कळते, की या माणसाला आपण काय केले ते ठाऊक आहे आणि उद्या तो पुन्हा तेच करणार आहे.

पीटरसन यांनी सांगितलेली एक आठवण आहे. चित्रपटाच्या सुरुवातीला पडद्यावर मजकूर येतो, की 40,000 जर्मन पाणबुडी-सैनिकांपैकी 30,000 परत आले नाहीत. लॉस एंजेलिसमधल्या पहिल्या खेळाला हा मजकूर वाचून प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. शत्रूच मेले होते ना! पीटरसन धास्तावले. पण चित्रपट संपला तेव्हा तेच प्रेक्षक उभे राहून टाळ्या देत होते. पहिल्या आणि दुसऱ्या टाळ्यांमध्ये दोन-अडीच तासांचे अंतर होते आणि त्या तासांत त्यांच्यासमोर सर्वांत जास्त वेळ होता तो प्रोख्नो यांचा चेहरा. चित्रपटाला ऑस्करची सहा नामांकने मिळाली.

याला दुसरी बाजू आहे आणि ती सांगायलाच हवी. खुद्द बुखहाइम चित्रपटावर नाराज होते. आपल्या कादंबरीतला युद्धविरोध थराराच्या भरात झाकोळला, अशी त्यांची तक्रार होती. शत्रूला माणूस म्हणून दाखवताना त्याच्या अपराधावर पांघरूण तर पडत नाही ना, हा प्रश्न आजही विचारला जातो आणि तो रास्त आहे. मला वाटते, जळत्या जहाजाचा तो प्रसंग आहे म्हणून हा चित्रपट या आक्षेपाला काही उत्तर देऊ शकतो. कप्तान निर्दोष आहे असे तो प्रसंग आपल्याला मानू देत नाही.

या यशानंतर हॉलिवूडचे दार उघडले. मायकेल मानच्या 'द कीप' (1983) मध्ये पुन्हा जर्मन कप्तान. डेव्हिड लिंचच्या 'ड्यून' (1984) मध्ये उमदा ड्यूक लेटो. सुरुवात चांगली होती. मग आला मॅक्सवेल डेंट आणि गाडी एका रुळावर पडली ती पडलीच.

असे का व्हावे? अमेरिकी मारधाडपटाचे गणित सोपे असते. दोन तासांतला बहुतेक वेळ नायकाचा. खलनायकाची ओळख मिनिटाभरात पटली पाहिजे. त्याचे बालपण, त्याची कारणे सांगायला सवड नसते. मग परका उच्चार कामाला येतो. इंग्रजी अस्खलित, पण किंचित कडक. तेवढ्याने प्रेक्षकाला कळते, की हा आपल्यातला नाही. जर्मन उच्चाराला तर युद्धकाळापासूनची ओळख आहे. एकदा 'परका' असा शिक्का बसला, की कोणत्या देशाचा हा प्रश्न उरत नाही. प्रोख्नो यांच्या भूमिकांची यादीच पाहा. 'अ ड्राय व्हाइट सीझन' (1989) मध्ये वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेतला पोलीस अधिकारी. 'द फोर्थ वॉर' (1990) मध्ये सोव्हिएत कर्नल. 'एअर फोर्स वन' (1997) मध्ये कझाकस्तानचा हुकूमशहा. '24' या मालिकेत 2010 मध्ये रशियन माफियाचा म्होरक्या. नकाशावरचे देश बदलत गेले, माणूस तोच राहिला.

'एअर फोर्स वन'ची गोष्ट तर मनाला चटका लावणारी. दिग्दर्शक तेच, वुल्फगांग पीटरसन. तेही आता हॉलिवूडमध्ये बडे झाले होते. ज्या नटाच्या चेहऱ्यावर त्यांनी अख्खा 'दास बोट' तोलला, त्याला इथे जवळपास एकही वाक्य नाही. त्याला पकडतात, सोडतात आणि गोळी घालतात. दुसरी गंमत 'जज ड्रेड'ची (1995). 1976 च्या 'रॉकी'च्या जर्मन आवृत्तीत सिल्व्हेस्टर स्टॅलनला आवाज होता प्रोख्नो यांचा. म्हणजे 'रॉकी' पाहताना जर्मन प्रेक्षकांना स्टॅलन ऐकू आला तो त्यांच्या गळ्यातून. 'जज ड्रेड'मध्ये तेच प्रोख्नो स्टॅलनच्या विरोधात कारस्थान रचतात.

मग ही कारकीर्द फुकट गेली असे म्हणायचे का? मी तसे म्हणणार नाही. चांगला नट लहान जागेतही काही ठेवून जातो. 'द इंग्लिश पेशंट' (1996) मध्ये ते कैद्याचे अंगठे कापायला लावणारे जर्मन मेजर आहेत. पडद्यावर काही मिनिटेच. पण त्यांनी तो क्रूरकर्मा डोळे वटारून केलेला नाही. कचेरीतले एखादे काम उरकावे तसा तो वागतो आणि म्हणूनच अंगावर काटा येतो. 'द दा विंची कोड' (2006) मध्ये ते पॅरिसमधल्या बँकेचे व्यवस्थापक झाले. बँकेतली ती जुनी उमेदवारी अशी कामी आली म्हणायची. 2003 मध्ये त्यांनी अमेरिकी नागरिकत्वही घेतले. हॉलिवूडशी त्यांचे भांडण नव्हते. काम मिळत होते आणि ते चोख करीत होते.

आणि उतारवयात जुना प्रश्न त्यांच्याकडे परत आला. ॲटम इगोयान यांच्या 'रिमेंबर' (2015) मध्ये स्मृती हरवत चाललेला एक वृद्ध, ऑशविट्झच्या छळछावणीतल्या एका पहारेकऱ्याला शोधत अमेरिकाभर हिंडतो. त्या शोधाच्या शेवटी जो म्हातारा भेटतो तो प्रोख्नो. पुढे काय होते ते सांगत नाही, ते पाहायलाच हवे. 'लेआंडर्स लेट्स्टे राइजे' म्हणजे 'लेआंडरचा शेवटचा प्रवास' (2017) मध्ये ते नायक आहेत. हिटलरच्या सैन्यातला हा माजी अधिकारी, वय 92, बायकोच्या मृत्यूनंतर नातीला घेऊन 2014 च्या धुमसत्या युक्रेनमध्ये जातो, तरुणपणी तिथे मागे सोडलेल्या माणसांचा ठाव घ्यायला. त्या वेळी प्रोख्नो स्वतः पंचाहत्तरीच्या पुढे होते. चेहऱ्यावरच्या सुरकुत्या बऱ्याचशा खऱ्या होत्या. आणि 2019 मध्ये टेरेन्स मलिकच्या 'अ हिडन लाइफ'मध्ये, हिटलरशी एकनिष्ठेची शपथ घ्यायला नकार देणाऱ्या ऑस्ट्रियन शेतकऱ्याच्या कथेत, ते पुन्हा मेजरच्या गणवेशात दिसले.

वुल्फगांग पीटरसन 2022 मध्ये गेले. त्यानंतर मी 'दास बोट' पुन्हा पाहिला आणि मुद्दाम दुसऱ्या दिवशी 'बेव्हर्ली हिल्स कॉप 2'ही. दुसऱ्या सिनेमात मॅक्सवेल डेंट मेला तेव्हा या खेपेला मी टाळी वाजवली नाही. तो दुष्ट आहे यात शंका नाही. पण हा माणूस असा का झाला, त्याचे कोणी आहे की नाही, हे सिनेमाने मला एकदाही सांगितले नव्हते आणि पहिल्यांदा पाहताना मीही विचारले नव्हते. तुमच्या घरी टीव्हीवर कधी एखादा मारधाडपट लागला आणि परक्या उच्चाराचा, थंड नजरेचा कोणी पडद्यावर आला, तर एवढेच करा: त्याचे नाव शोधा आणि त्याने त्याच्या मायभाषेत काय काम केले आहे ते एकदा पाहा.